कापडबाजाराचा निवाडा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

माननीय आयुक्त, अहिल्यानगर महानगरपालिका, यांच्या सेवेशी,



नगरच्या कापडबाजारात, मोची गल्लीत, सारडा गल्लीत आणि घासगल्लीत दुकानदार आणि रस्त्यावर पथारी मांडणारे विक्रेते यांच्यामध्ये गेली काही वर्षे जो वाद धुमसत राहिला आहे, ज्याच्यापायी कधी शटर ओढून बाजार बंद राहिला, कधी निवेदने आणि मोर्चे निघाले, तर कधी अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी येऊन हातगाड्या उचलून गेली आणि दोन दिवसांत सारे पूर्ववत झाले, त्या वादाविषयी हे पत्र मी आपणांस जाहीरपणे लिहीत आहे. खाजगी अर्ज करून तो आपल्या कचेरीच्या बारनिशीत नोंदवून घेता आला असता. परंतु हा प्रश्न एका अर्जदाराचा नाही, आणि ज्या गावाचा तो आहे त्या गावाने आपणांस काय विनविले गेले हे वाचावे, असे मला वाटते. मी व्यापारी नाही आणि विक्रेताही नाही. जुन्या पेठेत राहणारा आणि जन्मभर येथेच खरेदी करीत आलेला एक रहिवासी आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगतो : या बाजारातील जागेचा निवाडा मोजणीने आणि कायद्याने व्हावा, आवाजाने आणि आडनावाने होऊ नये, आणि तो करण्याची जबाबदारी कायद्याने दुसऱ्या कोणावर नव्हे, आपल्यावर टाकलेली आहे.

१४९० साली मलिक अहमद निजामशहाने सीनेच्या काठी हे शहर वसविले, त्यानंतर त्याचे धनी वारंवार बदलले. निजामशाही अस्तास गेली, मोगलांचा अंमल बसला, पेशव्यांकडून किल्ला शिंद्यांकडे गेला, १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने तो जिंकून घेतला. १८५४ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि २००३ मध्ये तिची महानगरपालिका झाली. दाळमंडई, आडतेबाजार, गंजबाजार, सराफबाजार, मोची गल्ली, घासगल्ली ही नावे मात्र तोंडातोंडी टिकली, आणि ज्या शहराने प्रत्येक जिन्नसाला आपली स्वतंत्र गल्ली नेमून दिली होती त्या शहराला बाजार मांडण्याची विद्या कोणी नव्याने शिकवावी असे नाही. मुंबई इलाख्याच्या १८८४ च्या गॅझेटियरने हातमागावरील लुगडी आणि तांब्यापितळेची भांडी हे या शहराचे प्रमुख उद्योग म्हणून नोंदविले आहेत. त्याच्या थोडे आधी, १८७८ मध्ये, दौंड-मनमाड लोहमार्ग नगरवरून गेला, दूरदूरचा माल येथे सुलभतेने उतरू लागला, आणि साळी व पद्मशाली विणकरांच्या या गावाचा लौकिक कालांतराने विणण्यापेक्षा विकण्याबद्दल अधिक पसरला.

हा लौकिक आजही शिल्लक आहे, आणि त्याचे खरे दर्शन घ्यावयाचे तर आपण लग्नसराईतील एखाद्या सकाळी, मोटार माळीवाड्याला सोडून, पायी कापडबाजारात यावे. पाथर्डी, शेवगाव, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड आणि बीड जिल्ह्यातील आष्टी-कड्याकडून माणसांनी भरलेल्या जीपगाड्या आणि एस. टी. गाड्या आलेल्या असतात. कारखान्याचा पट्टा पडलेला असतो, ऊसतोडीहून माणसे घरी परतलेली असतात, आणि उचल फिटून जे काही हाती राहिले असेल ते लुगड्याच्या पदरात बांधून एक अख्खे घराणे बस्त्याला निघालेले असते. दुकानातील पांढऱ्याशुभ्र गादीवर नवरीची आई, चुलत्या, मावश्या, मुलाकडची मंडळी आणि दोन्ही पक्षांचा एखादा जाणता मध्यस्थ अशी पंधरावीस माणसे बसतात. शालू उलगडला जातो, विहिणीची साडी वेगळी काढली जाते, मानपानाच्या साड्यांचा ढीग पडतो, टॉवेल-टोप्या मोजल्या जातात. कोणाची साडी कोणाहून हलकी दिसू नये यासाठी जो खल चालतो तो एखाद्या पंचायतीच्या निवाड्याइतका गंभीर असतो, आणि दुकानदार त्यात नुसता विक्रेता नसून पंचही असतो. कोणत्या घरात कोणता मान सांभाळावा लागतो हे त्याला त्याच्या वडिलांपासून ठाऊक असते. अखेर बस्ता बांधला जातो, त्यावर हळदकुंकू पडते, चहा येतो.

परंतु खरेदी तेथे संपत नाही. ज्या वस्तू बस्त्याच्या यादीत नसतात आणि ज्यांच्यावाचून लग्न अडते, त्या साऱ्या रस्त्यावर असतात : साडीला लावायची फॉल, पोलक्याचे अस्तर, परकर, हुकांची पाने, सेफ्टी पिनांचे झुबके, बांगड्या, टिकल्या, मुंडावळ्या, लहान मुलांचे कपडे. एका दुकानाच्या पायरीशेजारी निळ्या ताडपत्रीवर फॉल आणि परकर मांडून बसणारी एक बाई मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. फॉलच्या शेकडो छटा तिच्यापुढे रंगाच्या अनुक्रमाने लावलेल्या असतात. आतल्या दुकानातील नोकर गिऱ्हाईकाची साडी घेऊन बाहेर येतो, ती पदराचे टोक बोटांत धरून उन्हाकडे करते, आणि दुसऱ्यांदा न पाहता नेमकी फॉल ओढून देते. संध्याकाळी तिचा गठ्ठा त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर जातो. दुकानात नसलेला जिन्नस कोणी मागितला तर तो कोठे मिळेल हे तीच सांगते. दुकानदार आणि पथारीवाला या दोन जाती आहेत आणि त्यांचे हाडवैर आहे, असे जे चित्र हल्ली रंगविले जाते, ते या बाजारात ज्यांनी आयुष्य काढले त्यांना ओळखीचे वाटत नाही. आत मोठी खरेदी आणि बाहेर किरकोळ, असा हा एकच व्यवहार आहे. त्यातला एक अर्धा कापून टाकला तर उरलेला अर्धा सुखाने नांदेल, हा समज मला घातक वाटतो.

याचा अर्थ दुकानदारांची तक्रार खोटी आहे असा मुळीच नाही. ज्याने भाडे भरायचे, मालमत्ता कर भरायचा, नोकरांचे पगार द्यायचे, हिशेब काटेकोर ठेवून वस्तू व सेवा कर भरायचा, त्याच्याच दुकानाची पायरी दिसेनाशी व्हावी आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरण्यासाठी हातगाड्यांमधून अंग चोरून वाट काढावी लागावी, हे अन्यायाचे आहे. उद्या एखाद्या गल्लीत आग लागली तर बंब आत जाईल काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या अग्निशमन विभागाला विचारण्याचीही मला भीती वाटते. परंतु त्याच निःपक्षपातीपणाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, रस्त्याची जी रुंदी नाहीशी झाली आहे तिच्यातील फार मोठा वाटा हातगाड्यांनी नव्हे, तर दुतर्फा उभ्या केलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांनी आणि दुकानांच्या पुढे आलेल्या पायऱ्या, फळ्या व पुतळ्यांनी व्यापला आहे. दुसरी गोष्ट बाजारात सर्वांना माहीत असून कोणी निवेदनात लिहीत नाही : काही दुकानांपुढील जागेचे रोजचे भाडे पथारीवाल्याकडून दुकानदारच घेतो. जी जमीन त्याच्या मालकीची नाही, आपल्या पालिकेच्या वहिवाटीतील सार्वजनिक रस्ता आहे, तिचे भाडे एका हाताने घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने अतिक्रमणाच्या तक्रारीवर सही करायची, हा प्रकार सर्व व्यापारी करीत नाहीत. जे करीत नाहीत त्यांच्या अब्रूसाठीच तो उघड्यावर आला पाहिजे.

रस्त्यावरची ही गर्दी कोठून आली याचाही विचार व्हावा. जुन्या वाड्यांना दर्शनी ओटा असे. विक्रेता त्या ओट्यावर, घरधन्याच्या परवानगीने बसे आणि रस्ता रहदारीला मोकळा राही. वाडे पडू लागले, त्यांच्या जागी व्यापारी संकुले उभी राहू लागली, आणि २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने अधिमूल्य भरून अधिक चटईक्षेत्र मिळविण्याची सोय केल्यापासून जुन्या पेठेतील प्रत्येक वाड्याकडे विकासकाची नजर लागली आहे. मी नव्या बांधकामाचा शत्रू नाही. कित्येक वाडे राहण्याच्या लायकीचे उरले नव्हते आणि त्यांच्या वारसांना चांगल्या घरात राहण्याचा पूर्ण हक्क आहे. परंतु नकाशा मंजूर करताना ओटा गेला, आणि ओट्यावर बसणारा माणूस रस्त्यावर उतरला, याची नोंद कोणत्याच दप्तरात झाली नाही. चितळे रस्त्यावरील नेहरू मार्केटची कथाही याच जातीची आहे. जुनी मंडई पाडली गेली, नव्या संकुलाच्या योजना झाल्या, त्या अडल्या, कितीतरी वर्षे ती जागा तशीच पडून राहिली, आणि मंडईत बसणारे भाजीविक्रेते चितळे रस्त्यावर आले. ज्यांचे छप्पर पालिकेने काढून घेतले त्यांना पुढे पालिकेच्याच नोटिशीत अतिक्रमणदार म्हटले जावे, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटण्यासारखे नाही.

उलट, जेथे आधी जागा तयार झाली आणि मग स्थलांतर झाले तेथे बाजार मेला नाही. आडतेबाजारातील ठोक व्यापार मार्केट यार्डात गेला, पुढे कांद्याचे लिलाव नेप्तीच्या उपबाजारात भरू लागले. गाड्यांना उभे राहण्यास आवार मिळाले आणि शेतकऱ्याला कांदा ओतण्यास जागा. कापडबाजारापुरते पाहिले तर, २०२२ मध्ये शहरातील उड्डाणपूल खुला झाल्यापासून परगावची बरीच रहदारी शहराच्या डोक्यावरून निघून जाते. सावेडीत मोठमोठी दालने झाली, घरबसल्या मालही मागविता येतो, आणि तरुण मंडळी तिकडे वळली याबद्दल मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. तात्पर्य असे की, कापडबाजाराला गिऱ्हाईक आता आपोआप मिळणार नाही. आणि अशा वेळी त्याच्या दोन अंगांनी एकमेकांवर उठावे, याच्यासारखी आत्मघाताची वाट दुसरी नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मला हे पत्र लिहिणे भाग पडले तिच्याकडे येतो. आरंभी हा वाद जागेचा होता. दोन हातांची जागा, पायरीची वाट, गाडीचा आडोसा, यावरून चार शब्द व्हायचे आणि चहा पिऊन मिटायचे. गेल्या काही वर्षांत मात्र पथारी किती फूट पुढे आली हे विचारण्याआधी पथारीवाल्याचे नाव काय, तो कोणत्या मोहल्ल्यातला, हे विचारले जाऊ लागले. कोणाकडून घ्यावे आणि कोणाकडून घेऊ नये याचे उपदेश सुरू झाले. आणि दुसरीकडेही साध्या जागेच्या तक्रारीला आपल्या समाजावरील हल्ला समजून जमाव गोळा करण्याची वृत्ती बळावली. आपल्याच जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातील मढी येथे, ज्या कानिफनाथांच्या यात्रेला भटक्यांची पंढरी म्हणतात आणि जेथे होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत अठरापगड जमाती जमतात, तेथील ग्रामसभेने २०२५ च्या फेब्रुवारीत मुस्लिम व्यापाऱ्यांना यात्रेत दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. यात्रेच्या काळात पाळावयाच्या प्रथांचा भंग होतो, असे कारण त्यासाठी देण्यात आले. प्रथा पाळली जावी हा आग्रह मी समजू शकतो; जो कोणी ती मोडील त्याला, मग तो कोणीही असो, जागा नाकारण्याचा नियम करता आला असता. परंतु वर्तनाऐवजी धर्म पाहून दार बंद करणारा तो ठराव होता, आणि प्रशासनाने तो रद्द केला हे योग्यच झाले. तोच वारा आपल्या पेठेत शिरू पाहत आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

बाजाराचा विश्वास तुटला म्हणजे काय होते, हे या जिल्ह्याने एकदा पाहिले आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव नगर जिल्ह्यात पसरला, आणि कर्जाने गांजलेल्या कुणब्यांनी सावकारांची खते आणि रोखे जप्त करून जाळले. ते सावकार बव्हंशी मारवाडी आणि गुजराती व्यापारी होते. शेतकऱ्यांचा राग सावकाराच्या धर्मावर नव्हता, तो कागदावरच्या अन्यायावर होता. आणि सरकारने चौकशी नेमून १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला तोही त्याच अन्यायाला धरून. त्या कुणब्यांच्या पणतवंडांनी पुढे मारवाडी, गुजराती आणि इतर व्यापाऱ्यांच्या नगरमधील गाद्यांवर बसून आपल्या मुलींचे बस्ते बांधले, कित्येकदा उधारीवर, नुसत्या शब्दावर. ही जी मने पुन्हा जुळली ती दोनतीन पिढ्यांच्या सचोटीने जुळली आहेत, आणि ती एका भाषणाने तोडता येतात.

याकरिता कायद्याचा आधार घेणे अगत्याचे आहे, आणि सुदैवाने तो कायदा अस्तित्वात आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण आणि पथविक्रीचे नियमन करणारा केंद्रीय अधिनियम २०१४ पासून लागू आहे. नगर पथविक्रेता समितीने सर्व विद्यमान विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे, ते दर पाच वर्षांनी नव्याने व्हावे, सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हुसकावू नये, आणि शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत या विक्रेत्यांना जागा द्यावी, असे तो सांगतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती. तेव्हा ही मर्यादा पावणेनऊ हजारांच्या घरात जाते. स्थलांतर करावयाचे तर तीस दिवसांची नोटीस हवी; माल जप्त केला तर त्याची सही केलेली यादी विक्रेत्याच्या हाती द्यावयाची; नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावयाचा. याच अधिनियमाच्या अनुसूचीत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो : ज्या नैसर्गिक बाजारांत पथविक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले असतील ते वारसा बाजार म्हणून घोषित करावेत. कापडबाजार आणि त्याच्या उपगल्ल्या या कसोटीला उतरतात किंवा नाही, हे जुन्या पावत्या, बाजार-फीची दप्तरे आणि वृद्धांच्या जबान्या पाहून ठरविता येईल. माझ्या आठवणीप्रमाणे त्या उतरतात.

सर्वांत महत्त्वाचे असे की, या समितीचे अध्यक्ष स्वतः आपण आहात. तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात, आणि व्यापारी संघटना व रहिवासी संघ यांनाही तिच्यात प्रतिनिधित्व आहे. अर्थात दुकानदार, पथारीवाली बाई आणि माझ्यासारखा रहिवासी यांनी समोरासमोर बसावे आणि आपण मध्यभागी बसून ऐकून घ्यावे, अशी तजवीज कायदेमंडळाने आधीच करून ठेवली आहे. मग आम्ही रस्त्यावर का भांडतो?

म्हणून माझी विनंती अशी आहे. आपण ही समिती नियमाने बोलवावी आणि तिच्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त कापडबाजारात फलकावर लावावे. भर लग्नसराईत, बाजाराच्या वेळी, दुकानदार आणि विक्रेते दोघांच्या देखत, टेपने मोजणी व्हावी. पथारी किती पुढे आली हे जसे मोजले जाईल तसेच पायरी, फळी आणि वाहन किती पुढे आले हेही मोजले जावे, आणि रस्त्याच्या मध्यातून बंब जाईल एवढी रुंदी पिवळ्या रेघांनी आखून त्या रेघांच्या आत कोणालाही, अगदी आपल्या पालिकेच्या वाहनालाही, उभे राहण्यास मनाई असावी. जेथे सर्वांना एका वेळी बसण्यास जागा पुरणार नाही तेथे वेळ वाटून देण्याची मुभा कायद्यात आहे, तिचा उपयोग करावा. दुकानापुढील सार्वजनिक जागेचे भाडे घेणाऱ्यावर कारवाई व्हावी. जुन्या पेठेतील व्यापारी संकुलांचे नकाशे मंजूर करताना तळमजल्यावर ओट्याइतकी जागा विक्रेत्यांसाठी राखण्याची अट घालता येईल काय, याचा नगररचना विभागाकडून विचार व्हावा. नेहरू मार्केटमधून उठविलेल्या विक्रेत्यांची यादी पालिकेच्या दप्तरी असेल. त्यांचा हक्क नव्या जागेवर पहिला आहे, हे लेखी मान्य करावे. आणि प्रमाणपत्रावर विक्रेत्याचे नाव असेल ते ओळखीसाठी असावे. जागा ठरविताना ते झाकून चिठ्ठ्या टाकाव्यात.

व्यापारी बंधूंनाही मी या पत्राद्वारे हात जोडून सांगतो की, त्यांनी समितीत आपला प्रतिनिधी पाठवावा आणि तोपर्यंत बाजार बंद ठेवण्याचे हत्यार म्यान करावे. बंदच्या दिवशी आष्टीहून आलेले कुटुंब परत जाते आणि पुढच्या लग्नाला ते दुसऱ्या गावी जाते. विक्रेत्यांनी आपले खरे प्रतिनिधी निवडावेत, आपल्या नावाने हप्ता गोळा करणारे मध्यस्थ निवडू नयेत.

येत्या लग्नसराईच्या आत ही पहिली बैठक आपण बोलवावी आणि तिची तारीख जाहीर करावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
नगरच्या जुन्या पेठेतील एक रहिवासी